बंबकाकांच्या दोन किटल्या

"भांड्याला विचारा. माणूस काय, काहीही सांगेल."

हे वाक्य मी बंबकाकांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल त्याची मोजदाद नाही. कुणी दुकानात येऊन म्हणायचं, "काका, गिझर आपोआपच बंद पडला, आम्ही हातसुद्धा लावला नाही," की काका हाताचा पंजा वर करत. म्हणजे, आता तुम्ही गप्प बसायचं. मग ते गिझरचं बूड उघडत, आतली कॉइल बाहेर ओढत, उजेडात धरत आणि तिच्याशी बोलल्यासारखं पुटपुटत. दोन मिनिटांनी निकाल यायचा. "चार तास चालू ठेवून गावाला गेला होतात. खरं की नाही?" समोरचा माणूस जमिनीकडे बघायचा. काका हसायचे नाहीत. सोनार दागिना तराजूत ठेवतो तशी ती कॉइल हलकेच फडक्यावर ठेवायचे.

त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर असेल. तरुणपणी ते पाणी तापवायच्या तांब्याच्या गळक्या बंबांना डाग द्यायचे, तेव्हापासून बंबकाका. बंब मोडीत गेले, गिझर आले, कपडे धुवायची मशिनं आली, विजेच्या किटल्या आल्या. नाव तेच राहिलं, आणि आमच्या पाण्यातला खारही तोच राहिला.

ते पाणी कसं होतं, हे सांगितल्याशिवाय काका कळायचे नाहीत. जमिनीखाली खोल बोअर मारलेली, तिथून उपसलेलं पाणी. दिसायला आरसा, जिभेला मचूळ. पेला धुऊन उपडा ठेवला तर वाळल्यावर त्यावर पांढरे डोळे उमटायचे. साबण चोळून चोळून झिजायचा, पण फेस काही यायचा नाही. शॉवरची भोकं एकेक करून बुजत आणि शेवटी एकच धार भलतीकडे, भिंतीवर उडायची. माझं शिवणकामाचं दुकान काकांच्या दुकानासमोर. मधला रस्ता एवढा अरुंद, की ते शिंकले तर मी इकडून "जपा" म्हणावं. एकदा नवरदेवाच्या काळ्या कोटावर माझ्या वाफेच्या इस्त्रीनं पांढरा चुरा थुंकला. काकांनी इस्त्री नेली, लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवली, सकाळी हातात दिली आणि म्हणाले, "मास्तर, तिला सर्दी झाली होती. नाक साफ केलंय."

त्यांची कामाची एक रीत होती, ती मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. जळालेली कॉइल ते भंगारात देत नसत. पत्र्याचा लहान तुकडा कापून त्यावर खिळ्यानं गल्ली आणि साल कोरत, तारेनं तो कॉइलला बांधत आणि ती भिंतीवर टांगत. वीस वर्षांच्या कॉइली. काहींवर अंड्याच्या टरफलासारखा पातळ थर, काही मनगटाएवढ्या जाड झालेल्या, जणू हाडंच. त्या भिंतीसमोर उभं राहून ते सांगत, "हे दुष्काळाचं साल. बोअर खाली गेली, बघा थर कसा पिवळा पडलाय. आणि ही शाळेमागची गल्ली, तिकडचा पाइप सगळ्यांत जुना." दुसऱ्यांच्या घरात कुटुंबाचे फोटो असतात. काकांच्या दुकानात आमच्या सगळ्या घरांतलं पाणी टांगलेलं होतं. सहा-सहा महिन्यांनी प्रत्येक गिझर उघडून धुवायचा, हा त्यांचा नेम. लोक कुरकुरत, पण उघडू देत.

आता त्यांच्या साडूविषयी. साडू पाणीपुरवठ्यात कामाला होता. खांद्यावर माणसाएवढी लांब लोखंडी चावी टाकून तो सकाळ-संध्याकाळ हिंडायचा आणि गल्लीगल्लीचं पाणी सोडायचा. सगळे त्याला चावीवालाच म्हणत. काकू आणि चावीवाल्याची बायको सख्ख्या बहिणी. काकू थोरली, ती धाकटी. दोघी बहिणींचं असं, की एकीच्या घरात कांदा कापला तर दुसरीच्या डोळ्यांत पाणी. साडू-साडूंचंही तसंच होतं. सकाळचं पाणी सोडून झालं की दहाच्या सुमाराला चावीवाला काकांच्या दुकानात यायचा, चावी भिंतीला टेकवायचा आणि म्हणायचा, "साडूभाऊ, पाजा चहा. तुमचा धंदा मीच तर चालवतो. रोज नळातून खार पाठवतो!" काका म्हणायचे, "म्हणून तर तुझ्या चहात साखर जास्त घालतो. तुझं पाप धुवायला." आणि दोघं हसायचे.

मग एका वर्षी धरणाचं पाणी येणार अशी बातमी आली. ती काकांना पहिल्यांदा सांगितली चावीवाल्यानंच. मोठा पाइप आला, टाकीला रंग लागला, आणि एका सकाळी माझ्या नळाखालच्या हातात साबणाचा एवढा फेस झाला, की मी बायकोला बोलावून दाखवला. काकांनी पेल्यात पाणी घेतलं, प्यायले आणि कितीतरी वेळ पेला हातात धरून उभे राहिले. जन्मभर ज्या शत्रूशी लढलो तो न सांगता गाव सोडून गेला, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

त्याच आठवड्यात काकूंनी दोन विजेच्या किटल्या आणल्या, एकीसारखी एक. तोवर काकांनी घरात किटली येऊ दिली नव्हती. म्हणत, "आपल्या पाण्यात किटली म्हणजे सहा महिन्यांची पाहुणी." आता गोडं पाणी आलं होतं. एक किटली काकूंनी ठेवली, एक धाकटीला दिली.

आणि काकांनी तेव्हा जे केलं ते दुसऱ्या कुठल्या धंदेवाल्यानं केलं नसतं. ते घरोघर गेले. म्हणाले, "आता गिझर सहा महिन्यांनी धुवायची गरज नाही. उगाच मला बोलावू नका." आपल्याच हातानं आपलं निम्मं काम बंद केलं. बेकरीवाल्याच्या घरी नवीन कॉइल बसवताना बेकरीवाल्यानं विचारलं, "काका, किती चालेल?" काकांनी हातातला पाना वर केला. मूठ गुळगुळीत झालेला, तीस वर्षांचा पाना. म्हणाले, "पाच वर्षं. त्याआधी ही काढावी लागली, तर हा पाना तळ्यात टाकीन." बेकरीवाला बोलका. चार दिवसांत हे वाक्य सगळ्या गल्लीला पाठ झालं, आणि मग काकांनीही ते ज्याच्या-त्याच्या घरी न लाजता म्हटलं. अभिमानी माणूस. शब्द दिला की छाती जरा पुढं यायची.

आठव्या महिन्यात बेकरीवाल्याची कॉइल फुटली.

काकांनी ती काढली, उजेडात धरली. पांढरा थर. त्यांनी दुसरी बसवली, एक पैसा घेतला नाही, आणि पाना तळ्यात टाकायच्या आधी कॉइल का गेली ते कळायला हवं, म्हणून सरळ चावीवाल्याकडे गेले. "पाणी धरणाचंच ना रे?" चावीवाला म्हणाला, "धरणाचंच. पण साडूभाऊ, पाइप जुनेच आहेत ना गल्ल्यांतले? वीस वर्षांचा खार बसलाय त्यात, तो सुटतोय आता. होईल कमी." बोलणं पटण्यासारखं होतं. मग नर्सबाईंची कॉइल गेली, मग शाळेच्या बाईंची, मग लॉन्ड्रीवालीच्या मशिनचं हीटर. काका आणखी एकदा विचारायला गेले. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी चावीवाल्यानं गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतली. "आईशपथ, थेंब नाही बोअरचा." त्यापुढं काकांनी विचारलं नाही. घरच्या माणसानं शपथ घेतल्यावर चौथ्यांदा विचारणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं.

पण थर तर समोर होता. मग काकांनी सगळ्यांवर संशय घेतला. कॉइलचा व्यापारी बदलला. गॅस्केट बदलून पाहिली. घरात काकू म्हणायच्या, "अहो, साबणाला पुन्हा फेस येईना झालाय." ते म्हणायचे, "साबण बदल, हल्ली मातीच भरतात." काकूंच्या किटलीत पांढरं साचायला लागलं, तर म्हणाले, "पाइपातलं आहे, जाईल." आणि शेवटी त्यांनी संशय घेतला स्वतःच्या हातांवर. मी समोरून बघायचो, ते दोन्ही हात फडक्यावर पालथे ठेवून बसलेले असायचे. एकदा मला म्हणाले, "मास्तर, वय झालं की टाका वाकडा पडतो का हो?" मी म्हणालो, "पडतो." मी माझ्याविषयी बोललो होतो. त्यांनी ते स्वतःला लावून घेतलं.

त्यातच कुजबुज सुरू झाली. नवीन म्हणून जी कॉइल बसवतात ती नवीन नसते म्हणे. भिंतीवरच्याच उतरवतात, घासतात आणि लावतात. "नाहीतर एवढ्या जुन्या कॉइली जपून ठेवायचं कारण काय? भिंतच बघा की त्यांची!" कुणी काढलं हे, कळेना. पण ते ज्यानं ऐकलं त्याला वाटलं, खरंच की, कारण काय? वीस वर्षं जी भिंत त्यांच्या हुशारीची खूण होती, तीच आता चोरीचा पुरावा झाली. लॉन्ड्रीवाली एकदा रस्त्यातूनच ओरडली, "काका, माझं हीटर कुठल्या गल्लीचं बसवलंय हो? पत्रा काढायला तरी विसरू नका!" चार माणसं हसली. काकांनी मान वर केली नाही. लोक दुसरीकडे जाऊ लागले.

आणि इथं मला माझंही सांगितलं पाहिजे. माझी इस्त्री पुन्हा थुंकायला लागली, तेव्हा मी ती काकांकडे नेली नाही. पिशवीत घालून, मागच्या रस्त्यानं, बाजारातल्या दुसऱ्या माणसाकडे नेली. ती दुरुस्त झाली नाही, मी नवी घेतली. काकांनी काही विचारलं नाही. एवढ्याशा रस्त्यापलीकडून त्यांना न दिसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

असं करता करता धरणाचं पाणी येऊन दीड वर्ष झालं. एका सकाळी धाकटी दुकानात आली. पदराखालून किटली काढली.

"भावोजी, हिचं बटण जळलंय बघा. ताईला सांगू नका हं, म्हणेल धाकटीला वस्तू वापरता येत नाही."

काकांनी किटली घेतली. बटणाकडे बघायच्या आधी, सवयीनं, झाकण उघडून आत पाहिलं. आणि पाहतच राहिले.

"धाकटे, ही तीच ना? ताईनं दिलेली?"

"मग काय, माझ्याकडे किटल्यांचा मळा आहे?"

"कशानं घासतेस?"

"घासते कुठली! विसळते नुसती."

"पाणी कुठलं घालतेस?"

"पाणी म्हणजे पाणी. हे आणतात ना रोज दोन कॅन, टाकीवरच्या मोठ्या पाइपातून भरून. म्हणतात, चहाला नि प्यायला नळाचं घेत जाऊ नको, त्यात बोअरचं सोड..."

ती तिथंच थांबली. हात तोंडावर गेला. तिला ठाऊक नव्हतं, की बाकीच्यांना हे ठाऊक नाही. तिला वाटत होतं, भावोजींना तर असणारच. साडूच ते.

काका उठले. मागं घरात गेले, काकूंची किटली घेऊन आले आणि मला हाक मारली, "मास्तर, जरा या."

मी गेलो. फडक्यावर दोन किटल्या शेजारी-शेजारी, झाकणं उघडी. एकाच दिवशी, एकाच दुकानातून आणलेल्या. धाकटीच्या किटलीत वाकलो तर मला माझी मिशी दिसली. काकूंच्या किटलीचा तळच दिसत नव्हता. काकांनी नखानं टोकरलं, तर एक पांढरी खपली सुटून टिक् करून खाली पडली. भिंतीवरच्या जुन्या कॉइलींवर होती तसलीच. कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. शिंपी असून मला कळलं.

"धाकटे, घरी जा," काका म्हणाले. "बटण बसवून ठेवतो."

ती गेली. मी माझ्या दुकानात येऊन बसलो, पण मशिनच्या पायट्यावर पाय काही पडेना.

दहाला चावीवाला आला. नेहमीसारखी चावी भिंतीला टेकवली. "साडूभाऊ, पाजा चहा! अरे, दोन-दोन किटल्या? लग्न निघालंय का कुणाचं?" आणि मग त्याला आपली किटली ओळखू आली.

"कधीपासून?" काकांनी विचारलं.

"काय कधीपासून?"

"भांड्याला विचारून झालंय. आता माणसाला विचारतोय. कधीपासून?"

चावीवाला स्टुलावर बसला. "धरणावरचा मोठा पंप जळाला ना, तेव्हापासून. तिसऱ्या महिन्यातच. निम्मं धरणाचं येतं, निम्मं बोअरचं सोडतो. साहेब म्हणाले, कुठं बोलायचं नाही, दोन महिन्यांत नवा पंप येतोय. मग म्हणाले, आणखी दोन महिने. माझी कायम व्हायची फाईल त्यांच्याच टेबलावर आहे साडूभाऊ. मी काय करणार होतो?"

"ते समजलं. पोट प्रत्येकाला आहे. मी तीनदा विचारलं, तू तीनदा खोटं बोललास, तेही बाजूला ठेवू. लोकांना काय सांगितलंस?"

"लोक मलाच धरायला लागले होते. पाण्यात खोट आहे म्हणायला लागले. मग मी म्हणालो..." त्यानं पायातल्या चपलेकडे पाहिलं. "मी म्हणालो, पाण्याला काय बघताय, कॉइल बघा."

"आणि भिंत? भिंत बघा, हे कोण म्हणालं?"

चावीवाल्यानं भिंतीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

काका अगदी हळू बोलले. इतके हळू, की मी पुढं वाकलो. "त्या भिंतीचा अर्थ या गावात दोनच माणसांना ठाऊक होता. एक मी. दुसरा तू, कारण प्रत्येक पत्रा कोरताना तू समोर बसून चहा प्यायचास. माझी बायको सांगत होती, साबणाला फेस येत नाही. मी तिला वेड्यात काढलं. वर्षभर बायकोला खोटं पाडलं, तुझ्या शब्दावर. एक कॅन तिच्या दारात ठेवला असतास..."

"ठेवला असता तर तुम्हाला कळलं असतं," चावीवाला म्हणाला. आणि आपण काय बोललो हे त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं, कारण तो उठला. दारात थांबून म्हणाला, "कुणाला सांगू नका साडूभाऊ. धाकटीचं घर आहे ते."

"मी कुणाला काही सांगणार नाही," काका म्हणाले. "जा."

दुपारभर ते काम करत होते. धाकटीच्या किटलीचं बटण त्यांनी बसवलं, वायर तपासली, बाहेरून पुसली. मग पत्र्याचे दोन तुकडे कापले आणि खिळा-हातोडी घेऊन कोरायला बसले. टक्, टक्, टक्. तो आवाज मी पुष्कळ दिवसांत ऐकला नव्हता.

ऊन कलल्यावर धाकटी पुन्हा आली. डोळे सुजलेले. नवऱ्यानं तिला किटली परत आणायला धाडलं होतं, हे तिनं न सांगताही कळत होतं. काकांनी किटली तिच्यापुढं धरली. "बटण झालंय. ने."

तिनं हात पुढं केला नाही. किटलीला बांधलेला पत्रा तिला दिसला. त्यावर तिच्या, टाकीजवळच्या गल्लीचं नाव होतं आणि साल. तिनं काकूंच्या किटलीवरचा पत्राही वाचला. गल्ली दुसरी, साल तेच.

"ताईला कसं तोंड दाखवू भावोजी?"

"तू काही केलं नाहीस."

"चहा तर मीच प्यायले ना रोज." तिनं पदरानं नाक पुसलं. "इथंच राहू द्या ही. मला नाही आता हिच्यात चहा करवायचा."

"नीट विचार कर, धाकटे. ही इथं राहिली तर लोक आत बघतील."

"बघू द्या," ती म्हणाली.

काका शटरबाहेर आले. शटर ओढलं, कुलूप लावलं. दाराच्या दोन्ही बाजूंना दोन खिळे होते, त्यांवर दोन किटल्या अडकवल्या, झाकणं उघडी ठेवून, येणाऱ्या-जाणाऱ्याला आत दिसेल इतक्या खाली. कुणाला एक शब्द सांगितला नाही. दिलेलं वचन पाळलं.

मग मी पाहिलं, त्यांच्या हातात पाना होता. हत्यारांची पिशवी नव्हती, नुसता पाना.

मी रस्ता ओलांडून गेलो. "काका, पाना कशाला? चूक तुमची नव्हती हो."

"पाणी त्याचं होतं मास्तर. शब्द माझा होता." त्यांनी माझ्या दुकानाकडे पाहिलं. टेबलावर नवी इस्त्री होती. "नवी घेतलीत?"

"हो," मी म्हणालो. माझी मान वर होईना.

"महिन्यातून एकदा लिंबूसत्त्वाचं पाणी घालत जा तिच्यात. नाहीतर तीही थुंकेल."

एवढं बोलून ते तळ्याच्या रस्त्यानं निघाले. सावकाश, पाना मांडीशी धरून. बेकरीवाला दारात आला होता, त्यानं काकांच्या हाताकडे पाहिलं आणि हातातला पाव खाली ठेवला. वळणावर चावीवाला उभा होता, चावी खांद्यावर. संध्याकाळचं पाणी सोडायची वेळ टळून गेली होती आणि घराघरांत नळ उघडे ठेवून बायका वाट बघत होत्या, तरी तो हलला नव्हता. काका त्याच्याजवळून गेले, विजेच्या खांबाजवळून जावं तसे. तो काहीतरी बोलला असेल. त्याचे ओठ हलताना दिसले, पण काकांची चाल बदलली नाही.

धाकटी शटरला टेकून, आपल्या किटलीवर हात ठेवून बघत होती. लॉन्ड्रीवाली रस्त्यातच थांबून काकूंच्या किटलीत वाकली होती, आणि मग दुसरीत. मी गळ्यात टेप तसाच ठेवून उभा होतो, काकांची पाठ झाडांपलीकडे जाईपर्यंत.